व्हिक्टोरियन छापील ताटली: वय आणि खरेपणा कसा तपासायचा

जुन्या बाजारात, घराच्या माळ्यावर किंवा लंडनमधल्या एखाद्या चॅरिटी दुकानात निळ्या नक्षीची ताटली हाती आली की बहुतेक जण ती लगेच उलटी करतात, मागचा शिक्का वाचतात आणि तिचं वय ठरवून मोकळे होतात. नवख्या माणसाची फसगत बहुधा इथेच होते. शिक्का कुणालाही मारता येतो. एकच शिक्का पन्नास-पन्नास वर्षं चाललेला असतो आणि कितीतरी अस्सल ताटल्यांवर शिक्काच नसतो. नक्षी कोणत्या पद्धतीने छापली आहे, हे मात्र लपवता येत नाही. म्हणून आधी छपाई पाहा, मग माती आणि ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर), मग नक्षीची शैली, आणि शिक्का सगळ्यात शेवटी.

इथे फक्त रोजच्या वापरातल्या भांड्यांचा विचार केला आहे: ताटल्या, कपबश्या, मोठी अंडाकृती तबकं, जग, हात धुण्याची तस्तं. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, यातला फार मोठा भाग स्टॅफर्डशायरमधल्या टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेन्टन आणि लाँगटन या सहा गावांत तयार झाला. हीच गावं मिळून आजचं स्टोक-ऑन-ट्रेंट शहर झालं.

हाताशी काय हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजी किंवा सोनार वापरतात तेच.
- छोटा पण प्रखर एलईडी टॉर्च.
- अल्ट्राव्हायोलेट टॉर्च. नोटा तपासायचा साधा मिळतो, तो चालेल.
- सेंटिमीटरची फूटपट्टी आणि मऊ सुती फडकं.
- जाड टॉवेल. ताटली कधीही उघड्या टेबलावर किंवा फरशीवर ठेवून तपासू नका.
- मोबाइलचा कॅमेरा. शिक्क्याचा फोटो बाजूने उजेड पाडून काढा, मातीत दाबलेली अक्षरं तेव्हाच वाचता येतात.

१. ही नक्षी छापली कशी जायची

ही पद्धत नीट समजली की पुढच्या तपासणीत काय शोधायचं ते आपोआप कळतं. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायची. तेलात घोटलेला धातूचा रंग गरम करून त्या खाचांत भरायचा आणि वरचा रंग पुसून काढायचा. मग ओलसर पातळ टिश्यू कागदावर दाबयंत्राने छाप उठवायचा. हा कागद एकदा भाजलेल्या, अजून ग्लेझ न चढवलेल्या ताटलीवर चिकटवायचा आणि साबण लावलेल्या कडक ब्रशने खसाखसा घासायचा. पाण्यात बुडवला की कागद सुटून येतो, रंग मातीत राहतो. त्यानंतर तेल जाळून टाकण्यासाठी सुमारे ७०० अंश सेल्सिअसला हलकी भट्टी, मग ग्लेझमध्ये बुडवणं आणि शेवटची भट्टी.

म्हणजे नक्षी ग्लेझच्या खाली असते. सुरुवातीला निळ्याचंच राज्य होतं, कारण ग्लेझच्या भट्टीत टिकणारा सगळ्यात भरवशाचा रंग कोबाल्टचा होता. हिरवा, गुलाबी, जांभळा, तपकिरी हे छापील रंग १८२० च्या दशकाच्या अखेरीपासून सर्रास दिसू लागले. व्हिक्टोरिया गादीवर आली तेव्हा हे सगळे रंग बाजारात होते. त्यामुळे ‘निळी म्हणजे जुनी, तपकिरी म्हणजे नवी’ हा दुकानदाराचा हिशेब सोडून द्या.

२. भिंग लावून नक्षी वाचा

ताटली टॉवेलवर ठेवा, बाजूने टॉर्च धरा आणि चार गोष्टी बघा.

*रेघ की ठिपक्यांची जाळी?* कोरलेल्या पत्र्याच्या छपाईत रेघा सुरुवातीला बारीक, मध्ये जाड आणि शेवटी पुन्हा टोकदार होतात. सावलीसाठी लहान-मोठे ठिपके हाताने टोचलेले असतात, त्यांच्यात ठरावीक अंतर नसतं. आजच्या स्टिकरसारख्या डिकॅलमध्ये मात्र सगळे ठिपके सारख्या अंतरावर, ओळीने दिसतात. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरून बघा म्हणजे फरक डोळ्यांत बसेल. अशी जाळी दिसली तर ती ताटली व्हिक्टोरियन नाही.

*काठाचा सांधा.* काठाची नक्षी सरळ पट्टीच्या कागदावर छापून गोल काठावर बसवलेली असते, त्यामुळे ती कुठेतरी जुळवावी लागते. काठावरून बोट फिरवत एक फेरी मारा. कुठेतरी फूल अर्ध्यात कापलेलं, वेलीचं टोक पुढच्या वेलीला न जुळलेलं, कागदाची घडी पडून रेघ दुमडलेली किंवा पानाचा तुकडा दुसऱ्या पानावर चढलेला दिसेल. हे काम बहुतेक बायका आणि मुली करत, तेही भराभर आणि नगावर पैसे घेऊन. सांधा हा दोष नाही, उलट तो हवाच. काठाची नक्षी कुठेही न तुटता अखंड गोल फिरत असेल तर संशय घ्या.

पण सांधा दिसला म्हणून ताटली जुनी ठरत नाही. बर्स्लेममधल्या १८८८ सालच्या मिडलपोर्ट कारखान्यात बर्ले नावाची भांडी आजही टिश्यू कागदानेच छापली जातात. सांध्यावरून पद्धत सिद्ध होते, वय नाही.

*रंग ग्लेझखाली आहे का?* रंगाच्या कडेवरून नख हलकेच फिरवा. ग्लेझखालच्या छपाईत काहीच उंचवटा लागत नाही. सोनेरी कड, लाल, पिवळा यांसारखे काही रंग ग्लेझच्या वर हाताने भरलेले असतात. ते झिजतात, बोटाला जाणवतात आणि तिरक्या उजेडात त्यांची चकाकी वेगळी दिसते. छापील बाह्यरेषेत हाताने रंग भरलेल्या ताटल्या या काळात भरपूर झाल्या, त्यामुळे हे मिश्रण दिसलं तर घाबरू नका.

*रंग पसरला आहे का?* रेघा धूसर, निळा दुधाळ होऊन आजूबाजूला उतरलेला असेल तर ती ‘फ्लो ब्लू’. भट्टीत भांड्यांच्या पेटीत क्लोरीन सोडणारी रसायनं ठेवून कोबाल्ट मुद्दाम पसरवत. याची चलती १८३० च्या दशकाच्या अखेरीपासून शतक संपेपर्यंत होती. निव्वळ वाईट छपाईही धूसर दिसते. फरक असा की फ्लो ब्लूमध्ये रेघेभोवतीच्या पांढऱ्या ग्लेझलाही सगळीकडे निळसर झाक येते आणि ती कित्येकदा पाठीमागेही उतरते.

जार किंवा मलमाच्या डबीचं अनेक रंगांत छापलेलं झाकण हाती आलं तर फेन्टनच्या प्रॅट कारखान्याचं नाव लक्षात ठेवा. तिथला कोरीवकार जेसी ऑस्टिन याने प्रत्येक रंगासाठी वेगळा पत्रा वापरून ग्लेझखालची रंगीत छपाई साधली. रंग एकावर एक नेमके बसावेत म्हणून चित्राच्या कडेला बारीक खुणेचे ठिपके ठेवत, ते भिंगाखाली सापडतात.

३. माती, ग्लेझ आणि भट्टीच्या खुणा

टॉर्च ताटलीच्या मागे धरा. उजेड आरपार आला तर ती बोन चायना किंवा पोर्सेलिन, नाही आला तर साधी, सच्छिद्र मातीची अर्दनवेअर किंवा दगडासारखी घट्ट आयर्नस्टोन. आयर्नस्टोनचं पेटंट चार्ल्स मेसनने १८१३ मध्ये घेतलं. ही भांडी जड असतात आणि बोटाच्या पेराने वाजवल्यावर खणखणतात. अर्दनवेअरचा आवाज बसका येतो. भांडं कोणतंही असो, आवाज फुटका, थरथरता आला तर कुठेतरी तडा आहे.

आता पाठ बघा. ग्लेझच्या भट्टीत ताटल्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये टोकदार टेकू ठेवत. त्यांच्या खुणा काठाच्या मागे तीन जागी, पुष्कळदा तीन-तीन बारीक टिंबांच्या गटात, खरखरीत लागतात. पायाच्या कड्याखाली घासून आलेला मळकटपणा असावा, पण तो अनियमित हवा. सॅन्डपेपरने आणलेली झीज सारखी आणि एकाच दिशेची असते.

ग्लेझवरच्या बारीक भेगांच्या जाळ्यावरून वय काढू नका. माती आणि ग्लेझ सारख्या प्रमाणात आकुंचन पावले नाहीत की ते जाळं पडतं. दहा वर्षांच्या कपालाही पडतं, आणि चहाच्या पाण्यात उकळून ते तपकिरी करणारेही आहेत.

४. नक्षीवरून दशक ओळखा

सगळ्यात आनंदाचा भाग हाच, आणि नवखे नेमका तोच घाईत उरकतात.

कारकिर्दीच्या आरंभी ताटलीच्या मधोमध तळं, नाव, दूरवर किल्ला किंवा देऊळ, पुढे झाडाखाली दोन-तीन माणसं आणि भोवती फुलांची महिरप अशी काल्पनिक दृश्यं असत. ती काल्पनिक होण्याला कायद्याचाही हातभार आहे. त्याआधी कुंभार पुस्तकांतली चित्रं सरळ उचलत. स्पोड कारखान्याची भारतातल्या शिकारीची प्रसिद्ध मालिका अशीच एका चित्रग्रंथावरून उतरवलेली होती. १८४२ च्या कायद्यांनी छापील चित्रांची आणि नक्षीकामाची नक्कल करणं अवघड केलं, तेव्हा कारखान्यांनी कुठलंही खरं ठिकाण नसलेली दृश्यं जुळवायला घेतली. म्हणून अशा ताटलीवर ‘व्हेनिस’ किंवा एखाद्या पूर्वेकडच्या शहराचं नाव असलं तरी ते चित्र त्या शहराचं असेल असं धरू नका.

शतकाच्या मध्याला फिकट निळी ‘एशियाटिक फेझंट्स’ घराघरांत पोचली: मोठी गुलाबासारखी फुलं, त्यांत दोन लांब शेपटीचे पक्षी, बाकी भरपूर मोकळा पांढरा भाग. ती इतक्या कारखान्यांनी काढली की नुसत्या नक्षीवरून कारखाना सांगणं अशक्य आहे. याच सुमारास गॉथिक चर्चमधल्या कमानी, पाकळ्या आणि सपाट भौमितिक आकार भांड्यांवर आले. वास्तुरचनाकार प्युजिनने मिंटन कारखान्यासाठी अशी नक्षी केली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनानंतर नक्षी सपाट असावी की उठावदार, यावर तिथे कडाक्याचा वाद झाला. सपाट नक्षीच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी भारतीय कापड आणि मीनाकाम हा आदर्श होता.

मुंबईत राहणाऱ्यांनी या वळणाची नक्षी आधी पायाखाली पाहावी. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात मिंटनच्या फरश्या आहेत. त्यांतले रंग आणि मापं नजरेत साठवली की त्याच कारखान्याच्या ताटल्यांचा काठ ओळखणं सोपं जातं.

१८७० च्या दशकात सगळंच पालटलं. १८६२ च्या लंडन प्रदर्शनात जपानी वस्तू दिसल्या आणि काही वर्षांत ताटलीची समतोल मांडणी मोडली. नक्षी एका बाजूला सरकली. बांबू, बहरलेली फांदी, पंखे, चिमण्या, एकमेकांवर चढलेली गोल-चौकोनी चित्रं, तीही बहुतेक तपकिरी किंवा काळ्या रंगात, हस्तिदंती रंगाच्या मातीवर. साधारण १८७५ ते १८८५ या दहा वर्षांतली ही ताटली एकदा पाहिली की दुरूनही ओळखू येते. किंमत अजून आवाक्यात असल्याने नवख्या संग्राहकाने इथूनच सुरुवात करावी. १८९० नंतर पुन्हा नाजूक फुलं, लाटांसारखा कापलेला काठ आणि सोनेरी ठिपके आले.

एक सापळा नीट लक्षात ठेवा: नक्षीचं वय आणि ताटलीचं वय वेगळं. विलो पॅटर्न १७९० च्या आसपासचा, स्पोडचा ‘ब्लू इटालियन’ १८१६ चा, आणि दोन्ही अजून बनतात. अशा नक्ष्यांसाठी ही चौथी पायरी सोडून द्या आणि छपाई, माती, शिक्का यांवरच भिस्त ठेवा.

५. आता शिक्का

*शंकरपाळीच्या आकाराची खूण.* १८४२ ते १८८३ या काळात नोंदणी केलेल्या नक्षीवर ही खूण असते. मधे नोंदणीची अक्षरं, डोक्यावर गोलात वर्ग, म्हणजे वस्तू कशाची आहे ते. चिनी मातीसाठी रोमन चार. चार कोपऱ्यांत दिवस, महिना, वर्ष आणि गठ्ठ्याचा (नोंदणीसाठी एकत्र आलेल्या नक्ष्यांचा) क्रमांक. गोंधळ होतो तो मांडणी मधेच बदलल्याने:

- वर्गाच्या गोलाखाली, म्हणजे वरच्या कोपऱ्यात, अक्षर असेल तर खूण १८४२–१८६७ ची. वर वर्ष, डावीकडे महिना, उजवीकडे दिवस, खाली गठ्ठा.
- वरच्या कोपऱ्यात आकडा आणि उजवीकडे अक्षर असेल तर १८६८–१८८३ ची. वर दिवस, उजवीकडे वर्ष, खाली महिना, डावीकडे गठ्ठा.

वर्षाची अक्षरं वर्णक्रमाने नाहीत. दुसऱ्या काळासाठी ती अशी: एक्स १८६८, एच १८६९, सी १८७०, ए १८७१, आय १८७२, एफ १८७३, यू १८७४, एस १८७५, व्ही १८७६, पी १८७७, डी १८७८, वाय १८७९, जे १८८०, ई १८८१, एल १८८२, के १८८३. हीच अक्षरं आधीच्या काळात वेगळ्या वर्षांसाठी वापरली आहेत (एक्स म्हणजे तिथे १८४२), म्हणून आधी मांडणी ओळखा, मगच अक्षर वाचा. महिने: सी किंवा ओ जानेवारी, जी फेब्रुवारी, डब्ल्यू मार्च, एच एप्रिल, ई मे, एम जून, आय जुलै, आर ऑगस्ट, डी सप्टेंबर, बी ऑक्टोबर, के नोव्हेंबर, ए डिसेंबर. एक-दोन वर्षांत कारकुनी अपवाद आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरतं.

समजा वर ८, उजवीकडे वाय आणि खाली आर आहे. तारीख झाली ८ ऑगस्ट १८७९. ही नक्षी किंवा आकार नोंदवल्याची तारीख आहे, ताटली भाजल्याची नव्हे. संरक्षण तीन वर्षांचं असे, पण खूण तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली असल्याने त्यानंतरही छापली जाई. ताटली त्या तारखेच्या आधीची नाही, एवढंच ठामपणे म्हणा.

*नोंदणी क्रमांक.* जानेवारी १८८४ पासून शंकरपाळी गेली आणि एकपासून चढता क्रमांक आला. १८९० च्या सुरुवातीला तो सुमारे १,४१,००० वर आणि १९०० च्या सुरुवातीला सुमारे ३,५१,००० वर होता. चार लाखांच्या पुढचा क्रमांक असेल तर ती नक्षी राणीच्या मृत्यूनंतर नोंदवलेली आहे.

*शब्द काय सांगतात.* ‘इंग्लंड’ हा शब्द बहुतेक १८९१ पासून येतो, कारण अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘मेड इन इंग्लंड’ बहुधा विसाव्या शतकातलं. ‘ट्रेड मार्क’ १८६२ नंतर. ‘लिमिटेड’ १८६० नंतर, आणि भांड्यांवर मुख्यतः १८८० नंतर. इंग्लंडच्या राजचिन्हात मधोमध आणखी एक छोटी ढाल असेल तर मूळ खूण १८३७ च्या आधीची. ‘स्थापना १७५०’ अशा ओळीवरून फक्त कारखान्याचं वय कळतं.

*नावांची फसवणूक.* जोसाया वेजवूडच्या कारखान्याचा शिक्का नुसता ‘वेजवूड’ असा, मातीत दाबलेला असतो. १८६० पासून त्याबरोबर तीन अक्षरांचा सांकेतिक गटही येतो. ‘वेजवूड अँड कंपनी’ हा टन्स्टॉलचा वेगळा कारखाना. इंग्रजी नावात ‘जी’नंतर जादा ‘ई’ असेल तर तो तिसराच. स्पोडची मालकी १८३३ मध्ये बदलली: १८४७ पर्यंत शिक्का ‘कोपलंड अँड गॅरेट’, नंतर ‘कोपलंड’. मिंटनने १८४२ पासून दर वर्षासाठी वेगळं लहान चिन्ह मातीत दाबायला सुरुवात केली. ते सापडलं तर ताटली कोणत्या वर्षी घडली तेच कळतं, म्हणून तिरक्या उजेडात ते जरूर शोधा.

६. दुरुस्ती शोधा

खोली अंधारी करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा. नवा रेझिन, गोंद आणि वरून दिलेला रंग आजूबाजूच्या ग्लेझपेक्षा वेगळा, बहुतेक दुधाळ किंवा पिवळट चमकतो. काठ, जगचा कान आणि चोच यांवर वेळ घ्या, टवके तिथेच उडतात. केसासारखा तडा पुढून दिसला तर मागूनही बघा. दोन्हीकडे असेल तर तो आरपार गेलेला आहे आणि पुढे वाढणार.

७. स्वच्छता

कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, प्लॅस्टिकचं घमेलं आणि मऊ ब्रश. सोनेरी कड घासू नका. ब्लीचिंग किंवा क्लोरीनचं द्रावण कधीही वापरू नका: ते सच्छिद्र मातीत शिरतं, वाळताना त्यातले क्षार स्फटिक होऊन फुगतात आणि काही महिन्यांनी ग्लेझचे पापुद्रे सुटतात. ग्लेझखालच्या तपकिरी डागांसाठी ताटली डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला. जोडलेली किंवा वरून रंगवलेली ताटली मात्र अशी बुडवून ठेवू नका, जोड सुटतो.

पावसाळ्यात धुतलेली ताटली किमान आठवडाभर उभी वाळवा. कोकणात किंवा गोव्यात त्याहून जास्त. ओल राहिली तर भेगांच्या जाळ्यात बुरशी धरते आणि तो काळेपणा पुन्हा निघत नाही.

८. वापर आणि मांडणी

या काळातल्या ग्लेझमध्ये शिसं असतं. आंबट पदार्थांत ते उतरतं. लोणचं, कोकम सार, चिंचेची आमटी, लिंबू अजिबात नको, आणि ग्लेझ भेगाळलेलं असेल तर जेवायलाच वापरू नका. मायक्रोवेव्ह आणि डिशवॉशर दोन्ही वर्ज्य. एकावर एक ठेवताना मध्ये कापड घाला. भिंतीवर लावायला स्प्रिंगची तार नको, तिचा सततचा ताण जुन्या तड्याला उघडतो.

९. कागदपत्रं

प्रत्येक नगासाठी एक पान करा: पुढचा, मागचा आणि शिक्क्याचा फोटो, व्यास, दोष, विकत घेतल्याची तारीख आणि बिल. मुंबईच्या चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर खरेदी केलीत तरी कच्चं का होईना बिल मागा आणि त्यावर वस्तूचं वर्णन लिहून घ्या.

परदेशी राहणाऱ्यांनी घरची जुनी भांडी सामानात घालण्यापूर्वी थांबावं. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुराणवस्तू ठरू शकते आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. इंग्लंडमध्ये बनलेली आहे म्हणून सूट मिळेल असं गृहीत धरू नका. प्रवासाच्या पुरेसं आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात वस्तूचे फोटो आणि वरचं पान घेऊन जा. वस्तू पुराणवस्तू नसल्याचा दाखला तिथे मिळाला, तरच ती बांधायला घ्या. तो दाखला हातातल्या बॅगेत ठेवा आणि ताटल्या आडव्या रचण्याऐवजी उभ्या, प्रत्येकीला वेगळं गुंडाळून भरा.